टिंबाएवढी चूक

मौर्यसम्राट अशोकाचा पुत्र कुणाल उज्जयिनीत वाढत होता. तो आठ वर्षांचा झाला, तेव्हा त्याच्या शिक्षणास आरंभ करावा, अशी आज्ञा धाडण्यासाठी अशोकाने पाटलिपुत्रात स्वहस्ते पत्र लिहिले. त्यात प्राकृतातला एक शब्द होता : ‘अधीयउ’. कुमाराने अध्ययन करावे, असा त्याचा अर्थ. पत्र काही वेळ तसेच पडून राहिले आणि तेवढ्यात कुणालाच्या सावत्र आईने त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर एक टिंब दिले. ‘अधीयउ’चे ‘अंधीयउ’ झाले. कुमाराला आंधळे करावे, असा अर्थ झाला. राजाने पत्र पुन्हा वाचले नाही. त्याने मुद्रा उमटवली आणि दूत रवाना झाला. उज्जयिनीत पत्र वाचणाऱ्याच्या तोंडून तो मजकूर बाहेर पडेना. अखेर कुणालाने पत्र आपल्या हाती घेतले, वाचले आणि पित्याची आज्ञा प्रमाण मानून तप्त शलाकेने स्वतःचे डोळे घालवले.

बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ‘परिशिष्टपर्वा’त ही कथा सांगितली आहे. याच कुणालाचा पुत्र म्हणजे जिनशासनाची प्रभावना करणारा राजा संप्रती. त्यामुळे जैन घरांत ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते. प्रवचनात ती कधी सापत्नभावाचे, तर कधी पितृआज्ञापालनाचे उदाहरण म्हणून येते. लिहिणाऱ्या माणसाने मात्र तिच्यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे पाहावे. टिंब देणारी राणी दोषी होतीच. पण पत्र पाठवण्यापूर्वी ते पुन्हा वाचण्याचे काम राजाचे होते आणि ते राहून गेले.

वहीत अचूक, लेखात अडखळ

समाजाच्या मासिकांत लिहिणारे बहुतेक लोक व्यवसायाने लेखक नसतात. कोणी कापडाच्या पेढीवर बसतो, कोणी धान्याची आडत सांभाळतो, कोणी घर आणि पाठशाळा दोन्ही पाहते. चातुर्मासातील आराधनेचा वृत्तान्त, तीर्थयात्रेचे वर्णन, दिवंगत वडीलधाऱ्यांची आठवण, संघाच्या सभेचा अहवाल हे त्यांचे लेखन. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे असते, भावना खरी असते. पण वर्षअखेरीस एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत दिवा न मालवणारा हाच गृहस्थ लेख पाठवतो, तेव्हा अख्ख्या पानात एकच पूर्णविराम असतो आणि तोही शेवटी. कुठे स्वल्पविराम शब्दाच्या आधी जागा सोडून पडलेला, कुठे एका वाक्यामागे तीन-तीन उद्गारचिन्हे, कुठे अवतरणचिन्ह उघडलेले आणि पुढे कधीच न मिटलेले.

लेख लाल शाईने भरून परत आला, की त्याला वाईट वाटते. आपले विचार चुकले नाहीत, मग या टिंबा-रेघांसाठी एवढा आग्रह कशाला, असे त्याला वाटते. नियम शिकायला बसावे, तर ते एकमेकांशी भांडताना दिसतात. ‘मुनी’ लिहिताना दीर्घ आणि ‘मुनिश्री’ लिहिताना ऱ्हस्व. ‘शुद्धी’ दीर्घ आणि ‘शुद्धिपत्र’ ऱ्हस्व. मग ‘साध्वीजी’ मात्र दीर्घच का? घरात बोली मारवाडी किंवा गुजराती, प्रवचनाची पुस्तके हिंदीत, शाळा मराठीत. हिंदी वाक्याच्या शेवटी उभा दंड, मराठीत टिंबाचा पूर्णविराम. एकाच हाताने हे सारे लिहायचे, म्हणजे गोंधळ होणारच.

या गोंधळात त्याची एकट्याची चूक नाही. मराठी लेखनाच्या नियमांवरून थोरामोठ्यांतही वाद झाले आहेत. लेखनपद्धती कशी असावी, या प्रश्नावर लोकमान्य टिळकांनी १९०४ साली ‘केसरी’त लेख लिहिले. आज प्रमाण मानले जाणारे मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. म्हणजे आजचे आजोबा शाळेत ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ असे टिंबांसह लिहायला शिकले आणि त्यांच्या मुलांना ती टिंबे गाळायला सांगण्यात आले. जो नियम एका घराच्या दोन पिढ्यांत बदलला, तो पाठ नसला तर त्यात लाज नाही. तो आजही न शिकणे, ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

न तोडता लिहिण्याची सवय

व्यापारी घरांतील जुने लेखन पाहिले, की या अडचणीचे मूळ दिसते. महाराष्ट्रातील पेढ्यांवर मोडी चालत असे. पानावर आधी आडवी शिरोरेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवत जायचे. दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्ह नाही. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांच्या वह्यांत महाजनी किंवा मुडिया लिपी असे. तिच्यात तर काना-मात्राही बहुधा गाळलेल्या असत. ‘काकाजी अजमेर गए’ हा निरोप ‘काकाजी आज मर गए’ असा वाचला गेला आणि घरात रडारड झाली, हा विनोद त्याच लिपीवरचा. तो ऐकला नसेल असे मारवाडी घर विरळा.

तरीही त्या लिप्यांनी शतकानुशतके मोठमोठे व्यवहार पेलले. याचे कारण असे, की वही लिहिणारा आणि वाचणारा एकाच पेढीचे असत. कोणाकडून काय येणे आहे, माल कुठला, भाव कोणता, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असे. अक्षराने सोडलेली जागा त्याची माहिती भरून काढी.

छापील मासिकाचा वाचक तसा नसतो. लेखक सोलापूरचा, वाचक नाशिकचा किंवा परदेशी स्थायिक झालेला. त्याने ती सभा पाहिलेली नाही, ते आजोबा त्याच्या ओळखीचे नाहीत. लेखकाच्या मनात जिथे थांबा होता, तिथे त्यानेही थांबावे, यासाठी कागदावरच्या खुणेवाचून दुसरा आधार त्याला नाही. वहीची सवय घेऊन लेख लिहिणारा माणूस नकळत असे धरून चालतो, की वाचणाऱ्याला सगळे आधीच माहीत आहे.

मराठीत ही गरज मुद्रणाबरोबर आली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. आज वापरात असलेली विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्याबरोबर मराठी कोशाचे काम केलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० सालची. त्याआधी आपल्याकडे होता तो मुख्यतः दंड : एक उभी रेघ आणि श्लोकाच्या शेवटी दोन. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हे हे सारे बाहेरून आले आणि पावणेदोनशे वर्षांत मराठीचेच होऊन गेले.

स्वल्पविरामाची किंमत

व्यापाऱ्याला एखाद्या गोष्टीचे महत्त्व पटवायचे, तर तिची किंमत सांगावी. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाचे वेतन कोणत्या कामांना लागू नाही, याची यादी होती. नाशवंत खाद्यपदार्थांवर प्रक्रिया करणे, ते साठवणे इत्यादी कामांनंतर शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी’ अशा अर्थाचे शब्द होते. ‘पाठवणी’नंतर स्वल्पविराम नव्हता. वितरण हे स्वतंत्र काम, की बांधणीचाच एक हेतू? एका दुग्धव्यवसायातील वाहनचालक म्हणाले, आम्ही वितरण करतो, बांधणी करत नाही. म्हणून हा अपवाद आम्हाला लागू नाही. २०१७ साली अपील न्यायालयाने संदिग्धतेचा लाभ चालकांना दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीने पन्नास लाख डॉलर देऊन वाद मिटवला.

यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ‘आज नाही उद्या रक्कम मिळेल’ हे वाक्य घ्या. ‘आज नाही’नंतर स्वल्पविराम दिला, तर उद्याचा वायदा झाला. न दिला, तर रक्कम केव्हातरी मिळेल एवढेच आश्वासन उरले. पेढीवर बसणाऱ्याला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

मराठीची आणखी एक खास अडचण आहे. ‘संघाचे अध्यक्ष, प्रसिद्ध व्यापारी व देणगीदार यांचा सत्कार झाला.’ सत्कार एकाचा झाला की तिघांचा? मराठीत आदरासाठी एकालाही अनेकवचन लागते, त्यामुळे ‘यांचा’ या शब्दावरून काही कळत नाही. शेवटच्या ‘व’आधी स्वल्पविराम देण्याची आपल्याकडे प्रथा नाही; त्यामुळे तोही मदतीला येत नाही. इथे वाक्यच बदलावे लागते. तिघे असतील, तर ‘अध्यक्ष, एक प्रसिद्ध व्यापारी आणि प्रमुख देणगीदार अशा तिघांचा’ असे लिहावे; एकच असेल, तर ‘संघाचे अध्यक्ष असलेले प्रसिद्ध व्यापारी’ असे म्हणून पुढे नाव द्यावे.

धडपडणाऱ्या लेखकाला बहुधा याच ठिकाणी पहिल्यांदा उजेड दिसतो. चिन्ह कुठे द्यावे हे कळेनासे होते, तेव्हा पुष्कळदा दोष चिन्हाचा नसतो. काय सांगायचे हेच पुरते ठरलेले नसते. दहा ओळींच्या वाक्यात सहा स्वल्पविराम पेरून ते सुधारत नाही. त्याची चार वाक्ये केली, तर सहापैकी पाच स्वल्पविरामांची गरजच उरत नाही.

एका टिंबाचा आदर

महामंडळाच्या नियमांनी न उच्चारली जाणारी टिंबे काढून टाकली; पण एक टिंब जपून ठेवले. अनेकवचनी सामान्यरूपावर ते द्यायचे आणि आदरार्थी अनेकवचनातही द्यायचे. ‘त्याचे’ आणि ‘त्यांचे’, ‘यानी’ आणि ‘यांनी’ यांत अंतर आहे ते एवढेच.

श्रद्धांजलीच्या मजकुरात हे टिंब राहिले तर काय होते, हे ज्या घराने अनुभवले आहे त्यालाच ठाऊक. ज्या वडिलांना सारी पेठ उठून नमस्कार करी, त्यांच्याविषयी छापून येते : ‘त्याचे निधन झाले.’ छापणाऱ्याच्या मनात अनादर नसतो. पण कात्रण जपले जाते ते तसेच. पुढच्या अंकातील दिलगिरी कोणी कापून ठेवत नाही.

अंकांचेही तसेच. चातुर्मासाच्या बातमीत ‘आदि ठाणा ५’च्या जागी ‘आदि ठाणा १५’ छापले गेले, तर विहारमार्गावरील गावांची व्यवस्था चुकते. अठ्ठाई करणाऱ्या मुलीच्या नावापुढे मासखमण छापले गेले, तर तिला न केलेल्या तपाची अनुमोदना स्वीकारावी लागते किंवा प्रत्येकाला खुलासा करत बसावे लागते. बोलीची रक्कम किंवा लाभार्थी परिवाराचे नाव चुकले, तर दोन घरांत अबोला धरला जातो. ‘तीर्थंकर’मधला पहिला दीर्घ ऱ्हस्व झाला, ‘आशीर्वाद’चा ‘आशिर्वाद’ झाला, ‘दीपप्रज्वलन’मध्ये ‘ज’ला एक जोड अधिक बसला, तर कोणाचे नुकसान होत नाही, पण ते पाहून वाचक मनाशी म्हणतो, इथे कोणी नीट पाहिलेले नाही. आणि मग त्याला रकमेचीही शंका येऊ लागते.

बातमी आणि रोजकीर्द

वृत्तलेखनाचे नियम नवख्याला विरामचिन्हांहूनही जाचक वाटतात. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे या प्रश्नांची उत्तरे आरंभीच द्यावीत, महत्त्वाचे आधी, बाकीचे मागून, विशेषणे कमी, जे पाहिले ते सांगावे. समाजाच्या बातमीची आपली रीत याच्या उलट असते. आधी मंगलाचरण, मग दीपप्रज्वलन, मग व्यासपीठावरील मान्यवरांची नावे, मग प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि शेवटून दुसऱ्या ओळीत : संघाने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधण्याचे ठरवले. ज्या बापाची मुलगी पुढच्या वर्षी शिकायला शहरात जाणार आहे, तो त्या ओळीपर्यंत पोहोचतच नाही.

वास्तविक व्यापारी घरातील माणसाला हे नियम परके वाटू नयेत. रोजकीर्दीतील एक नोंद आठवावी. मिती आणि तारीख, कोणाच्या नावे किंवा कोणाचे जमा, रक्कम किती, कशाबद्दल, कोणाच्या हस्ते. यातले एकही अंग राहिले, तर मुनीम वही मिटू देत नसे. वार्ताहराचे प्रश्नही जवळपास हेच आहेत. इंग्रजीत रोजकीर्दीला आणि नियतकालिकालाही ‘जर्नल’ हा एकच शब्द आहे आणि पत्रकारितेचे इंग्रजी नाव त्याच शब्दावरून आले आहे. दोन्ही ठिकाणी काम दिवसाच्या नोंदीचेच.

रोजकीर्दीत ‘भव्यदिव्य रक्कम जमा’ असे कोणी लिहीत नाही, आकडा लिहितात. लेखातही ‘अभूतपूर्व गर्दी’ म्हणण्याऐवजी मंडपात किती जणांची बैठक होती आणि बाहेर किती जण उभे होते, हे सांगितले, तर वाचकाला चित्र दिसते. तसेच ‘करण्यात आले’चे. सत्कार करण्यात आला, निर्णय घेण्यात आला, निधी देण्यात आला. कोणी केला, कोणी घेतला, कोणी दिला? खात्यात नाव नसलेली रक्कम जशी अनामत पडून राहते, तसे कर्ता नसलेले वाक्य अधांतरी लोंबकळते. ज्या भगिनींनी तीनशे तपस्वींच्या पारण्याची तयारी पहाटे चारला उठून केली, त्या ‘पारण्याची व्यवस्था करण्यात आली होती’ या वाक्यातून नाहीशा होतात.

अवतरणचिन्हांतील जबाबदारी

सर्वांत अवघड चिन्ह दिसायला साधे आहे. अवतरणचिन्हांच्या आत जे येते, ते बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे असले पाहिजेत. बाहेर लेखकाने आपल्या भाषेत आशय सांगावा. आत मात्र एक शब्दही आपला नको. प्रवचनाचा वृत्तान्त लिहिणाऱ्याची इथे कसोटी लागते. एक तासाच्या व्याख्यानातील चार वाक्ये स्मरणाने लिहायची, ती थोडी सजवायची आणि दोन्ही बाजूंना चिन्हे देऊन महाराजसाहेबांच्या नावावर छापायची, हे भक्तीने होते. पण त्यात एखादा शब्द शास्त्राला सोडून गेला, तर? सूत्राच्या विपरीत बोलणे, म्हणजे उत्सूत्र प्ररूपणा, हा जैन परंपरेत फार मोठा दोष मानला आहे. लेखक आपल्या असावधपणाने तो दोष एका त्यागी साधूच्या माथी मारत असतो आणि पुढचे दहा लेख तेच वाक्य उद्धृत करत जातात.

म्हणून स्मरणावर भरवसा नसेल तेव्हा चिन्हे काढून ‘महाराजसाहेबांच्या सांगण्याचा आशय असा होता’ असे लिहावे. यात कमीपणा नाही. उलट वाचकाला कळते, की चिन्हे आहेत तिथे शब्द मोजून घेतलेले आहेत.

जुनाच नियम

हे सारे आधुनिक वृत्तपत्रांनी लादले, असे वाटत असेल, तर पाठशाळेत शिकलेले ज्ञानाचाराचे आठ प्रकार आठवावेत : काल, विनय, बहुमान, उपधान, अनिह्नव, व्यंजन, अर्थ आणि तदुभय. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांत ही आठ अंगे आहेत. व्यंजन म्हणजे अक्षराची शुद्धी. अर्थ म्हणजे आशयाची शुद्धी. तदुभय म्हणजे दोन्ही एकदम; कारण अक्षर शुद्ध आणि अर्थ चुकीचा, किंवा अर्थ बरोबर आणि अक्षर अशुद्ध, यांपैकी काहीच पुरेसे नाही. अनिह्नव म्हणजे ज्याच्याकडून ज्ञान मिळाले, त्याचे नाव न लपवणे. माहिती कोठून मिळाली ते सांगा, हा पत्रकारितेचा नियम याहून निराळा नाही. आठांपैकी ही चार अंगे संपादकाच्या लाल शाईत रोज दिसतात.

प्रतिक्रमणात श्रावक ज्ञानाच्या अतिचारांची आलोचना करतो, तेव्हा अक्षर कमी म्हटले, अक्षर अधिक म्हटले, पद गाळले, यांबद्दलही ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो. हीनाक्षर आणि अत्यक्षर हे दोष मानणाऱ्या परंपरेत स्वल्पविरामाकडे दुर्लक्ष करायला आधार सापडत नाही.

ज्ञानभांडारांतील हस्तलिखितेही हेच सांगतात. लेखनकाराच्या हातून अक्षर सुटले, तर तिथे काकपद देऊन ते समासात लिहिले जाई. चुकीचे अक्षर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन झाकले जाई. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार त्यावरूनच आला. पुष्कळ प्रतींच्या शेवटी ग्रंथाग्र लिहिलेले असते : बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून संपूर्ण ग्रंथाचे मोजलेले मान. त्यावरून लेखनाचे मोल ठरवता येई आणि मजकूर गळला आहे का, तेही ताडून पाहता येई. लेखाला शब्दमर्यादा सांगितली, की रागावणाऱ्या लेखकाने ही जुनी मोजणी ध्यानात घ्यावी. आणि एवढे करूनही अनेक लेखनकार शेवटी नम्रपणे सांगत, की समोर जसे होते तसे उतरवले आहे. शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर किती वर्षे लोटली, हे सांगताना तिथे ९८० हा आकडा येतो आणि लगेच, दुसऱ्या वाचनेप्रमाणे ९९३, असेही नोंदलेले आहे. दोन परंपरांतील दोन आकडे समोर होते. एक निवडून दुसरा पुसून टाकणे सोपे होते. मजकूर अधिक नीटनेटका दिसला असता. लिहिणाऱ्यांनी दोन्ही ठेवले. दीड हजार वर्षांनंतर वाचणाऱ्याला त्यामुळे मतभेद होता हेही कळते आणि तो लपवला गेला नाही हेही कळते. आजच्या वार्ताहराने दोन साक्षीदारांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यावर काय करावे, याचे उत्तर दरवर्षी भाद्रपदात उपाश्रयात ऐकू येते.

पाठवण्यापूर्वी

विरामचिन्हे आणि लेखननियम एका रात्रीत येत नाहीत. ज्यांना ते आले, त्यांची वाट साधारण सारखीच असते. लेख लिहून झाला, की तो एक दिवस बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचावा. जिथे श्वास पुरत नाही, तिथे वाक्य तोडावे. जिथे जीभ अडखळते, तिथे शब्द बदलावा. मग घरातील अशा माणसाला वाचायला द्यावा, ज्याला त्या विषयातले काही ठाऊक नाही. नातवंड असेल तर उत्तम. त्याने ‘म्हणजे काय?’ असे विचारले, की तिथे खूण करावी. परत आलेल्या लेखातील लाल शाईच्या खुणा एका वहीत उतरवून ठेवाव्यात. प्रत्येक लेखकाच्या चुका बहुधा ठरावीक पाच-सातच असतात आणि त्याच पुनःपुन्हा होतात. ती यादी हाती आली, की अर्धे काम झाले.

शेवटी एकदा केवळ नावे, आकडे, तिथी आणि तारखा पाहाव्यात. खतावणी मिळवताना जशी एकेका रकमेवर खूण करत जातात, तशी प्रत्येक नावावर पेन्सिलीची खूण करावी. आणि ‘त्याचे’, ‘यानी’, ‘त्याना’ असे शब्द आले, की थांबून वर पाहावे : तिथे टिंब हवे होते का?

या साऱ्याला फार तर पाऊण तास लागतो. अशोकाला त्याचे ते छोटेसे पत्र पुन्हा वाचायला एवढाही वेळ लागला नसता.